चिमीची पिल्लं आणि चारशे रुपये

आमच्या मेडिकलच्या उधारीच्या वहीत शेवटच्या पानावर आमच्या कुत्रीचं नाव, 'चिमी', लिहून खाली दोन रेघा मारल्यात. डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. खर्च १७,४००, जमा १७,०००. "चारशे रुपये घालवायला दोन महिने जागलो," असं बायको अजून म्हणते. पुढे त्या पानावर आणखी काही ओळी चढल्या. त्यातल्या एका ओळीपुढे आकडाच नाही.

मी देवगडचा. बाजारात लहानसं मेडिकल आहे, वडिलांनी घातलेलं. चिमी आली ती मुलीच्या हट्टापायी, कोल्हापुरातून, आठ हजारांना, 'प्युअर पॉमेरियन' म्हणून. विकणाऱ्यानं ती गाडीच्या डिकीतून काढली आणि हातात ठेवली. हिची आई कुठं आहे, बाप कसा आहे, असलं काही विचारायचं असतं हे मला सुचलंही नाही. एरवी साधा मिक्सर घेतानाही मी वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घेतो.

चिमी दोन वर्षांची झाली आणि आळीतल्या बायका मागे लागल्या. शेजारच्या काकी रोज गडग्यापलीकडून, "एकदा तरी पिल्लां होऊक व्हयी तिका. नायतर पोटात गाठी येतत." मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं, कारण काकींच्या आधीच माझ्या डोक्यात वेगळा हिशेब घोळत होता: पाच पिल्लं, आठ हजारांप्रमाणे चाळीस हजार. मुलीच्या दहावीच्या क्लासची फी त्यातून निघाली असती. एकदा तरी व्यायल्याशिवाय कुत्रीची तब्येत नीट राहत नाही, या समजुतीला काहीही आधार नाही. उलट नसबंदीचं ऑपरेशन न केलेल्या कुत्रीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याची भीती असते, मग ती व्यायलेली असो की नसो. हे मला नंतर कळलं, आणि औषधविक्रेत्याला ते नंतर कळावं याची थोडी लाज वाटते.

चिमी हीटवर, म्हणजे माजावर, यायच्या आधी एकदा तपासून घ्यावी म्हणून कणकवलीला एका डॉक्टर मॅडमकडे नेली. आमच्या तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यात गाई, म्हशी, बकऱ्या यांचीच रांग असते; लहान कुत्र्याची रक्त तपासणी आणि सोनोग्राफी करायची तर पन्नासेक किलोमीटर जावंच लागतं. बाकावर शेजारी मालवणहून आलेला एक पग होता. बसल्या जागी, पंख्याखाली, घोरल्यासारखा श्वास घेत होता. मालक सांगत होता, "झोपलाय वाटतं ना? जागा आहे तो." वीस वर्षांपूर्वी मोबाइलच्या एका जाहिरातीत एक पग पोरामागून चालला आणि देशभर घरोघरी पग आले. चपटं नाक थंड हवेतही त्रास देतं, इथं तर मे महिन्यात बंदरावर माणसाला धाप लागते.

मॅडमनी चिमीला काट्यावर ठेवलं. ६ किलो २०० ग्रॅम.

"पॉमेरियन कोणी सांगितली तुम्हाला?"

मी गप्प.

"पॉमेरियन तीन किलोच्या आसपास. ही इंडियन स्पिट्झ. चांगली जात आहे, आपल्या हवेला रुळलेली. पण पॉमेरियन नाही."

इंग्रजांच्या काळात इकडे आलेल्या जर्मन स्पिट्झपासून ही जात इथं तयार झाली आणि दोन पिढ्या लोकांनी तिला पॉमेरियन म्हणूनच वाढवलं. देवगडात राहून मला हे नवं वाटायला नको होतं. कर्नाटकातला आंबा देवगड हापूसच्या पेटीत भरला की आम्ही केवढा आरडाओरडा करतो. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाजारात पेढे वाटले होते लोकांनी. आणि माझ्याच घरात पेटी एकाची, आंबा दुसरा.

मग त्यांनी चिमीचा मागचा पाय लांब केला आणि अंगठ्यानं गुडघ्याची वाटी आत-बाहेर ढकलून पाहिली. वाटी जागची हलली नाही. "हिची छान आहे. मेलची, म्हणजे नराची, पण बघून घ्या. लहान जातींत वाटी सरकायचा दोष फार, आणि तो पिल्लांत उतरतो." मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

मेलवाला शेजारच्या तालुक्यातला. त्याच्याकडे चार-पाच जातींचे मेल, अंगणात एका ओळीत पिंजरे. क्रॉसिंगचे तीन हजार रोख, नाहीतर त्याच्या पसंतीचं एक पिल्लू. रोख वाचवायची म्हणून मी पिल्लाची बोली केली. पिल्लू अजून जन्माला यायचं होतं, त्यामुळे ते देऊन टाकणं फारच सोपं वाटलं.

त्याचा रॉकी पांढराशुभ्र, शेपटीचा झुबका पाठीवर, दिसायला राजबिंडा. चिमीकडे धावत येताना तो दोन पावलं मागचा डावा पाय उचलून तीन पायांवर उडाला आणि पुन्हा चार पायांवर आला. मला वाटलं, खुशीत आलाय. मुलगी म्हणालीसुद्धा, "बाबा, लंगडी घालतोय बघ." गुडघ्याची वाटी सरकते तेव्हा कुत्रं नेमकं असंच चालतं: उचल, उडी, वाटी आपोआप जागेवर बसते, पुन्हा नीट. मी एवढंच विचारलं, "याची तपासणी वगैरे?" तो हसला. "ह्या रॉकीनं चाळीस पिल्लं दिलीत. एक तक्रार नाही." बाहेर गाडीत बायको वाट बघत होती, चिमीची हीट दोन दिवसांत उतरली असती, पेट्रोल फुकट गेलं असतं. ८ डिसेंबर ही तारीख मी वहीत लिहिली.

कुत्रीचे दिवस साधारण ६३. त्या दिवसांत मी चिमीसाठी जे जे केलं ते सगळं प्रेमानं केलं, आणि त्यातलं एक तिच्या जिवावर बेतलं. पाचव्या आठवड्यात सोनोग्राफीत पाच पिल्लं दिसली तशी मी दुकानातली कॅल्शियमच्या सिरपची बाटली घरी आणली आणि रोज दोन वेळा एकेक चमचा सुरू केला. पाच पिल्लांची हाडं कुठून होणार, असा साधा विचार. असलं सिरप मी कितीतरी कुत्रेवाल्यांना दिलंय, विचारल्याशिवायही. "पोटुशी आहे ना, मग हे द्या."

९ फेब्रुवारीला रात्री नऊला थर्मामीटर ९८.६ दाखवत होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ च्या वर असतं. ते ९९ च्या खाली आलं की एका दिवसात वेणा सुरू होतात. माजघरात आंब्याची रिकामी पेटी आडवी करून तिच्यात पेंढा, वर जुनी लुगडी, एका कोपऱ्यात साठचा बल्ब टांगलेला. पहिलं पिल्लू सव्वादोनला. चिमीनं पिशवी फाडली, नाळ तोडली, चाटून कोरडं केलं. आम्ही तिघं फक्त श्वास रोखून बसलो होतो. पाचवं हललंच नाही. टॉवेलनं चोळलं, डोकं खाली करून झटकलं, तोंडातलं पाणी ओढून काढलं. पहाटे मी ते परसात आवळीखाली पुरलं. मुलीनं उरलेल्या चौघांना माशांची नावं दिली: पेडवो, मांदेली, मुडदुशी आणि सर्वांत बारका तो बोंबील. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पेडवो १७४ ग्रॅम भरला, बोंबील ११८.

अठराव्या रात्री जेवून ओट्यावर बसलो होतो. चिमी पेटीतून बाहेर आली आणि धापा टाकायला लागली. फेब्रुवारीतली रात्र, उकाडा नव्हता. मग ती ताठ पायांनी चालायला लागली, लाकडी घोड्यासारखी. पिल्लांजवळ जाईना. कानाच्या पाळ्या थरथरत होत्या, मग मान, मग सगळं अंग. थर्मामीटर १०६.

मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "पिल्लं किती दिवसांची?" अठरा म्हटल्यावर, "निघा लगेच. पिल्लं घरीच राहू द्या."

जामसंडे, तळेबाजार, शिरगाव, नांदगाव. त्या रस्त्यावरची सगळी वळणं मला पाठ आहेत, पण त्या रात्री रस्ता लांबला होता. बायकोच्या मांडीवर चिमीचे दात एकमेकांवर वाजत होते. दवाखान्यात मॅडमनी पुढच्या पायाचे केस काढून शिरेत सुई घातली, एका हातानं स्टेथोस्कोप छातीवर धरला आणि दुसऱ्या हातानं इंजेक्शन इतकं सावकाश दिलं की मला वाटलं अडकलंय. वीस मिनिटं. "जोरात ढकललं तर हृदय बंद पडतं," त्या मान वर न करता म्हणाल्या. चमत्कार वाटावा तशी थरथर आधी पायांतून गेली, मग मानेतून. शेवटी चिमीनं जांभई दिली.

"कॅल्शियम एकदम उतरलं होतं रक्तातलं. दुधातून गेलं सगळं."

"पण मॅडम, मी तर पिल्लं व्हायच्या आधीपासून रोज कॅल्शियम देत होतो. दोन वेळा."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणूनच तर."

शरीराला कॅल्शियम लागलं की ते हाडांतून काढून रक्तात आणायची एक व्यवस्था असते, गळ्यातल्या इवल्या ग्रंथींच्या हुकमावर चालणारी. दिवस असताना बाहेरून आयतं मिळत राहिलं की त्या ग्रंथी सुस्तावतात. मग पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होतात, दूध भरपूर लागतं आणि ऐन वेळी हाडांचं कुलूप उघडत नाही. लहान अंगाची आई आणि पिल्लं जास्त, म्हणजे धोका जास्त. हेच सिरप व्याल्यानंतर, डॉक्टरांना विचारून दिलं असतं तर औषध ठरलं असतं. पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांना 'चिठ्ठी आणा' म्हणून परत पाठवतोय.

पहाटे चारला परतताना नांदगाव तिठ्यावर चहाला थांबलो. चिमी मागच्या सीटवर झोपलेली. मुंबईकडून आलेली एक लक्झरी थांबली, क्लीनरनं डिकीतून भोकं पाडलेला बिस्किटांचा खोका काढला आणि मोटरसायकलवर आलेल्या पोराच्या हातात दिला. पोरानं झाकण उघडून मोजली. मला बॅटरीच्या उजेडात दिसली ती तीन तपकिरी, एक पांढरं. एकमेकांवर चढलेली, डोळे उघडून फार दिवस न झालेली. "तीन चालू आहेत," पोरगा फोनवर म्हणाला. चौथ्याला त्यानं बोटानं टोचून पाहिलं.

मी चहा अर्धा टाकला. पण उतरून त्याला काही विचारलंही नाही.

चोवीस तास पिल्लांना आईपासून दूर ठेवून बाटलीनं दूध द्यायचं होतं. गाईचं दूध चालत नाही, कुत्रीचं दूध त्याहून फार दाट, पावडर मागवली. दर तीन तासांनी चार पिल्लं, बोंबलाला तर दोन तासांनी, कारण इतक्या लहान जिवाची साखर बघता बघता उतरते. वहीत '४,८०० कॅल्शियमची रात्र, गाडीसकट' आणि '१,९०० दूध पावडर' या ओळी आल्या त्या अशा.

पुढच्या तपासणीला मॅडमनी सहज विचारलं, "नोंदणी केलीय का तुम्ही?" मी म्हटलं, कसली? विकण्यासाठी कुत्री व्यायवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, हे मला माहीतच नव्हतं. रात्री दुकान बंद करून वाचले. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय लावायची नाही. वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाही. मायक्रोचिप. नोंदवही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. वाचता वाचता मान वर केली तर समोर भिंतीवर माझे फॉर्म २० आणि २१ चे परवाने काचेत, खाली फार्मासिस्टचं नाव. दोन रुपयांच्या गोळीवर बॅच नंबर असतो, एक्सपायरी असते, गोळी कोणी बनवली ते असतं. आणि दुकानामागच्या घरात मी चार जीव विकायला काढले होते, कसल्याही कागदाशिवाय. पकडलं तर काय होईल हेही बघितलं. १९६० च्या कायद्यात प्राण्यांना क्रूरतेनं वागवल्याचा पहिला गुन्हा असेल तर दंड १० ते ५० रुपये. आमच्याकडे पन्नासात धड मच्छी थाळीही येत नाही.

तिसाव्या दिवशी मेलवाला पिल्लू न्यायला हजर. मी म्हटलं, आठ आठवडे झाल्यावर. तो वैतागला. "दीड महिन्याच्या वर गेलं की भाव उतरतो हो पिल्लाचा. लहान असतानाच लोक फिदा होतात." मी ऐकलं नाही. हा एकच मुद्दा मी शेवटपर्यंत धरून ठेवला म्हणून सांगतोय; बाकीच्या ठिकाणी मी काय केलं ते पुढे आहेच.

त्यानंच बहुतेक नंबर दिला असणार, कारण दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून एका दलालाचा फोन. "सगळी एकगठ्ठा घेतो की. साडेतीन हजारानं, आत्ताच्या आत्ता. लस-बिस काय करू नका, आमी बघतो." फोटो पाठवल्यावर त्याचं लक्ष बोंबलावर. "ह्यो बारका हाय न्हवं, ह्याला टीकप म्हणून डबल पैसे येत्यात." टीकप नावाची जात कुठल्याही केनेल क्लबात नाही. वेतातलं सर्वांत अशक्त, सर्वांत कमी वाढलेलं पिल्लू उचलायचं आणि त्याच्या अशक्तपणाला नाव द्यायचं, की ते सर्वांत महाग.

फोन ठेवल्यावर मी पेन्सिल घेऊन वहीच्या त्या पानावर बसलो. दलालाला दिली तर काय? मेलवाल्याचं एक सोडून तीन पिल्लं, १०,५०० जमा. मग खर्चातल्या ओळी खोडायला घेतल्या. जंत आणि लसी, चार पिल्लं, दोन-दोन डोस, ५,६००: खोडलं. पिल्लांचं आणि चिमीचं खाणं २,५००: पैकी दोन हजार खोडले, दूध तोडून तिसाव्या दिवशी पाठवल्यावर खाणार काय? तपासणी आणि रक्त १,४००, सोनोग्राफी १,२००, दूध पावडर १,९००: खोडलं. नफा ५,२००. मग कॅल्शियमच्या रात्रीवर पेन्सिल टेकवली. त्या रात्री कणकवलीला गेलोच नसतो तर? दहा हजार निव्वळ. चिमी वाचली असती तर सहा महिन्यांनी पुन्हा हीट, पुन्हा दहा. अंगणात अशा पाच चिम्या बांधल्या तर वर्षाला लाख. खोडण्यासारखी एकही ओळ अशी नव्हती की जिचे पैसे दुसऱ्या कोणाच्या अंगातून वसूल होत नव्हते. मी खोडरबरानं सगळं पुसलं. कागद तिथं अजून काळपट आहे.

कॅल्शियमच्या रात्रीचा खर्च माझ्या मूर्खपणाचा होता, तो रास्त हिशेबात धरू नये असं कोणी म्हणेल. नका धरू. ४,४०० नफा दिसतो. तिघा माणसांच्या दोन महिन्यांच्या जागरणाचा.

भाच्यानं व्हॉट्सअॅपला जाहिरात टाकली होती, 'प्युअर पॉमेरियन पपीज'. दोन दिवसांत पंचवीस-तीस फोन. मी ती काढायला लावून 'इंडियन स्पिट्झ' लिहायला सांगितलं तर फोन पाच-सहावर आले. लोक विचारायचे ते असं: छोटाच राहील ना? भुंकत नाही ना? (स्पिट्झ भुंकतो. दारावरून मांजर गेलं तरी भुंकतो, वारा सुटला तरी भुंकतो.) एक पर्यटक कुटुंब विजयदुर्ग बघून परतताना थेट दारात. त्यांना मुलाच्या वाढदिवसाला पिल्लू हवं होतं, त्याच संध्याकाळी. पुण्यात घरी कोण असतं विचारलं तर दोघंही नोकरीला, मुलगा पाळणाघरात. काजूची पाकिटं घ्यावीत तसं पिल्लू गाडीत टाकून न्यायचं होतं त्यांना. नाही म्हटलं तर बाई म्हणाल्या, "पैसे देतोय ना आम्ही?"

जामसंड्याचे एक निवृत्त मास्तर मात्र आले ते आधी चिमीजवळ जाऊन बसले. अर्धा तास. ती कशी वागते, पाहुण्यांवर गुरगुरते का, हे बघत. मग म्हणाले, "आई शहाणी आहे. द्या एक." पेडवो त्यांच्याकडे गेला, चार हजारांना, त्यांच्याशी घासाघीस करायला मला जमलं नाही. मुडदुशी कुडाळला बँकेतल्या एका कुटुंबात, सहा हजार.

आणि बोंबील. मूळचं आमच्याच तालुक्यातलं, मुंबईला राहणारं जोडपं. "हा बारका किती गोड! एवढाच राहील?" मला 'टीकप' हा शब्द तोंडातून काढायचा नव्हता, काढला नाही. पण हा वेतातला अशक्त आहे, याला जपावं लागेल, हेही मी नीटसं सांगितलं नाही. "जात लहानच आहे," एवढं म्हणालो. सात हजार. चौघांत सर्वांत जास्त पैसे मी बोंबलाचेच घेतले. दलालाला नावं ठेवून महिनाही झाला नव्हता. प्रत्येकाकडून एक गोष्ट मात्र लिहून घेतली होती: सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू दुसऱ्या कोणाला न देता मला परत द्यायचं.

मेलवाल्यानं आठ आठवडे झाल्यावर येऊन मांदेली उचलली. फिमेल होती म्हणून. "फिमेल म्हणजे एटीएम," असं तो मुलीसमोर म्हणाला. मांदेलीला गाडीत ठेवताना चिमी फाटकापर्यंत गेली आणि परत येऊन पेटीत उरलेली मोजल्यासारखी हुंगत राहिली.

गणपती झाल्यावर बोंबील परत आला. जोडप्यानं आणून दिला, कागद दाखवला, लोक चांगले होते. भुंकण्यावरून सोसायटीत भांडणं होतीच, पण खरं कारण दुसरं. "काका, हा मधेच लंगडी घालतो." खळ्यात त्याला सोडला. दहा पावलं नीट, मग मागचा डावा पाय वर, दोन उड्या, पुन्हा नीट.

सात हजार परत केले. वहीत लिहिलं. कणकवलीला मॅडमनी अंगठ्यानं वाटी ढकलली तर ती बाजूला सरकली आणि पाय हलवताच टकन् जागेवर आली. मला तो आवाज ऐकू आला. वजन वाढू द्यायचं नाही, ओट्यावरून उड्या मारू द्यायच्या नाहीत, पुढं वाढलं तर ऑपरेशन. "मेलची बघितली होती का वाटी?" या प्रश्नावर मी पुन्हा मान हलवली, यावेळी आडवी.

त्या रात्री बसून बाकीच्यांना फोन केले. मास्तरांनी शांतपणे ऐकलं, "बरं केलंत सांगितलंत," म्हणाले आणि पेडव्याला दाखवून आणलं. त्याच्या वाट्या ठीक निघाल्या. कुडाळच्या ताईंना राग आला. "हे विकताना सांगायचं असतं." त्यांचं बरोबर होतं. मुडदुशीची उजवी वाटी थोडी सैल आहे. मी अर्धे पैसे परत देतो म्हटलं, त्यांनी घेतले नाहीत, पण त्यानंतर फोनही उचलत नाहीत.

शेवटचा फोन मेलवाल्याला. रॉकीला लावणं थांबवा, असं सांगायला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थोडं लंगडलं तर काय होतं? विकताना दोन महिन्यांच्या पिल्लाला थोडंच कळतं." मग आपणहून पुढे, "तुमची मांदेली एक नंबर झालीय. दिवाळीनंतर हीटवर येईल, लावून टाकतो."

"अजून वर्षाचीही नाही ती. आणि कुणाला लावणार?"

"घरचा मेल आहे की. बाहेर कशाला जायचं?"

घरचा मेल म्हणजे रॉकी. तिचा बाप.

मी तिला विकत मागितली. त्यानं वीस हजार सांगितले, मी बारापर्यंत गेलो, तो हसत राहिला. तक्रार करावी असं बायकोचं म्हणणं. करता येते. पण तक्रारीच्या कागदावर पहिला प्रश्न येणार, ही कुत्री याच्याकडे आली कुठून? नोंदणी नसलेल्या ज्या माणसानं क्रॉसिंगच्या तीन हजारांच्या बदल्यात ती दिली, त्याचं नाव मला त्याच कागदावर लिहावं लागेल. अर्ज लिहून ठेवलाय. अजून टाकलेला नाही. मांदेलीच्या ओळीपुढे आकडा नाही तो त्यामुळे.

चिमीचं नसबंदीचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं, बोंबलाचं त्यानंतर. तो आता दुकानात असतो, काउंटरखाली, खोकल्याच्या औषधांच्या खोक्याशेजारी. गिऱ्हाइकावर भुंकतो, मग शेपूट हलवतो.

गेल्या महिन्यात तळेबाजारचा एक पोरगा आला. "कुत्र्याचा कॅल्शियम दिया. व्यावची आसा ती पुढच्या म्हयन्यात."

"कोणी सांगल्यान द्यायला?"

"तुमीच मा. गेल्या वर्षी मेव्हण्याक तुमीच दिललात."

मी त्याला स्टुलावर बसवलं. सगळं सांगितलं, ग्रंथी, हाडं, अठरावी रात्र, शिरगावची वळणं. दहा मिनिटं. त्यानं मन लावून ऐकलं, "व्हय, व्हय" म्हणाला, बिलाच्या मागे लिहून दिलेला मॅडमचा नंबर घडी करून खिशात ठेवला. बोंबलाच्या डोक्यावर हात फिरवून निघाला. रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलात गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. हातात पिवळ्या खोक्यातली बाटली होती.